तोरणमाळला नेलेले तीन हीटर

शहादा तालुक्यातील तमाम सुज्ञ नागरिकांना, आणि त्यातही ज्यांच्या सौभाग्यवती डोंगरावर नोकरीला आहेत अशा समस्त नवरे मंडळींना, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, हीटर निवडणे हा पोरखेळ नव्हे. खोली केवढी, छप्पर कशाचे, विजेला जोर किती, शेकणारी माणसे किती आणि ती बसणार कशी, याचा साधकबाधक विचार केल्याखेरीज कोणीही हीटरला हात लावू नये. लावल्यास होणाऱ्या परिणामांना सदर इसम स्वतः जबाबदार राहील.

सदर इसम म्हणजे मी.

ब्राह्मणपुरीला माझी केळीची बाग आहे. आमच्या सपाटीवर वर्षातले बरेच महिने माणूस कूलरच्या आवाजावर आवाज चढवून बोलतो. मग थंडी येते, पण आमच्याकडे थंडीची काळजी माणसापेक्षा केळीला जास्त. पौषात गारठा वाढला की आम्ही पहाटे उठून बांधाबांधाने ओला पालापाचोळा पेटवतो आणि बागेत धूर कोंडतो, नाहीतर पानं पिवळी पडतात, घड खोडातच अडकतात. माणसांसाठी ओट्यापुढे कापसाच्या पऱ्हाटीची शेकोटी पुरते. म्हणूनच शहाद्यात कोणी "हीटर द्या" म्हणालं, तर दुकानदार बादलीत बुडवायचा रॉड पुढे ठेवतो. खोली तापवायला वीज जाळायची ही कल्पनाच आमच्या लोकांना वेडेपणाची वाटते. ते काम सूर्य फुकटात करतो, आणि नको म्हटलं तरी करतो.

मग मला एक सोडून तीन हीटर का घ्यावे लागले?

माझी बायको परिचारिका आहे, वर तोरणमाळला, दवाखान्यात. लग्नानंतर बरीच वर्षं ती म्हसावदला होती. सकाळी जायची, संध्याकाळी यायची, आणि येताना दारातूनच विचारायची, "गॅस बंद करेल शे का?" मग तिची नेमणूक वर झाली. "तीन वर्षांचा तर प्रश्न," असं मी तेव्हा गावभर सांगत सुटलो होतो, जसा काही मीच तिला पाठवत होतो. तीन वर्षं संपली, चौथं लागलं, पाचवं लागलं. बदलीसाठी विनंती अर्ज करायची मुभा तिला केव्हाच मिळाली होती. दर वर्षी थंडी सरता सरता अर्जाची मुदत यायची. मी फोनवर आडून आडून विषय काढायचो. ती म्हणायची, "देखू." आणि मुदत निघून जायची.

एक आड एक शनिवारी ती खाली यायची. शहाद्याच्या स्टँडवर मी अर्धा तास आधीच जाऊन उभा राहायचो आणि ती उतरली की आत्ताच पोचलोय असा चेहरा करायचो. घरात पाऊल टाकलं की ती आधी मागल्या दाराची कडी लावायची, मग माठावरचं वाकडं झाकण सरळ करायची. तोंडाने काही बोलायची नाही, फक्त श्वास सोडायची. तो श्वास ऐकायला मिळावा म्हणून मी दोन्ही गोष्टी पंधरा दिवस जपून तशाच ठेवत असे. रविवारी सकाळी घरात भांड्यांचा आवाज असायचा. दुपारी जेवणं झाली की ती पिशवी भरायला घ्यायची, आणि तिथून पुढे ती समोर बसलेली असली तरी निम्मी वर पोचलेली असायची. सोमवारी सकाळी जीपमध्ये बसताना "जाते" म्हणायची नाही. "येते," म्हणायची. मग घरात मी आणि माझे वडील, आबा. मुलगी नाशिकला शिकायला. आबा ओट्यावर, मी बागेत. बायकोने जागेवर ठेवलेली सांडशी मंगळवारपर्यंत जागेवर असायची, बुधवारी मी ती हरवायचो आणि ती येण्याच्या शनिवारपर्यंत गरम पातेली धोतराच्या फडक्याने उतरवायचो.

एका पौषात सकाळी सकाळी तिचा फोन आला. मी बागेत होतो, धुराने डोळे चुरचुरत होते.

"आयकं का? काल आठे दहिवर गोठी गयं. गवतवर पांढरं पांढरं. हात इतला गार व्हतस की बाळंतीनले हात लावा तर ती किंचाळस. यंदा अर्ज करीच टाकसू म्हनस मी."

मी शेजारच्या केळीच्या खोडाला मिठी मारली. खरोखर मारली, सदऱ्यावर पडलेले चिकाचे डाग अजून गेलेले नाहीत. पण तिचं वाक्य संपलं नव्हतं.

"तवलोंग एक हीटर तेवढा लई ठेवा. खोलीमा बसवत नही."

माझी अवस्था ध्यानात घ्या. इतकी वर्षं मी विनवण्या केल्या, रुसलो, एकदा तर संध्याकाळचं जेवण सोडलं आणि नऊ वाजता गुपचूप चिवडा खाल्ला. कशाने काही झालं नाही. आणि जे मला जमलं नाही ते थंडीने एका दहिवरात करून दाखवलं. थंडी माझ्या बाजूने उभी राहिली होती, आणि आता मीच पैसे मोजून तिला खोलीबाहेर हाकलायचं? हीटर चांगला निघाला तर खोलीला ऊब, आणि खोलीला ऊब म्हणजे अर्ज बारगळला. मी बराच वेळ बांधावर बसून धर्माधर्माचा विचार केला आणि या निर्णयाला आलो की बायकोने मागितलेला हीटर आणणं हे नवऱ्याचं कर्तव्य आहे. तो चांगलाच असला पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही.

शहाद्यात माझ्या ओळखीचे एक शेठ आहेत, विजेच्या सामानाचं दुकान चालवतात. माणूस बोलका, आणि सल्ला मागितला की खुर्ची देणारा.

"हीटर पाहिजे," मी म्हणालो.

त्यांनी बादलीतला रॉड काढला.

"पानीना नही. खोलीना."

शेठनी चष्मा काढून माझं तोंड निरखलं. "भाऊ, बरं शे ना? ताप बीप?"

मी तोरणमाळचं सांगितलं, तशी त्यांना हुरूप आला. बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना हे विचारलं होतं. त्यांनी मला बसवलं, चहा सांगितला आणि वकिलासारखी उलटतपासणी सुरू केली. खोली केवढी? दहा बाय बारा. छप्पर? कौलारू, उंच, खालून मोकळं. भिंतींना फटी? आहेत. शेकणार कोण, किती वेळ? मी म्हणालो, एकटी बाई, संध्याकाळी दोन-तीन तास. हे मी तेव्हा खरं समजून सांगितलं होतं.

मग शेठनी सांगितलं ते मी शब्दन्‌शब्द लक्षात ठेवलं, कारण मला त्याच्या बरोबर उलट वागायचं होतं. ब्लोअर म्हणजे गरम हवा फुंकणारा पंखा. खोली लहान, बंद, ठेंगणी असली तर पाच मिनिटांत तापवतो. पण कौलं असली तर गरम हवा वर चढते आणि फटीतून निघून जाते. "मंग तुम्ही आभाळ तापाडतस," शेठ म्हणाले. रॉडचा हीटर हवा तापवत नाही. उन्हासारखा समोर बसलेल्यालाच तापवतो. एकट्या माणसाला, एका जागी बसणाऱ्याला तो बरा. तिसरा तेलाचा. त्याच्या पोटात तेल असतं, ते जळत नाही, नुसतं तापतं. त्याला गरम व्हायला वेळ लागतो, पण झाला की तासन्‌तास ऊब देतो. आवाज नाही, डोळ्यांवर उजेड नाही. लहान मूल, म्हातारं माणूस, बाळंतीण असेल तिथे तो. आणि कोणताही घ्या, जाड पिनांच्या प्लगलाच लावायचा, लोंबत्या वायरीला नाही. हीटरवर कपडे वाळत घालायचे नाहीत, झोपताना बंद करायचा.

"तुम्हले एकतर रॉडना नहीतर तेलना," शेठनी निकाल दिला. "ब्लोअर त्या खोलीमा काही कामना नही."

"ब्लोअर द्या," मी म्हणालो.

शेठनी चष्मा पुन्हा काढून पुसला. मग त्यांनी तो सुरतेहून मागवला.

ब्लोअर वर गेला. चौथ्या दिवशी बायकोचा फोन आला. "आवाज बेस शे," ती म्हणाली. "जशी काही जीपमा बशेल शे. पायना आंगठा गरम व्हस, बाकी कौलं तापतस." मी दुःखी आवाजात हळहळलो आणि फोन ठेवून आबांना जिलेबी आणली. आबांनी विचारलं, कशाबद्दल? मी म्हणालो, सहज. आबांनी जिलेबी खाल्ली पण डोळे माझ्यावरून काढले नाहीत.

पुढे मुदत जवळ आली तेव्हा मी विचारलं, "मग? अर्ज?"

"देखू," ती म्हणाली. "आते कसं सोडू? आठे आंघोळी चालू शेत."

झालं होतं असं. ती भाड्याने राहायची ते घर एका वयस्क पावरा आदिवासी बाईंचं. त्या घराला मागे एक ठेंगणी, चारी बाजूंनी बंद खोली होती, धान्याची. बायकोने ब्लोअर उचलून तिथे नेला, आणि ती कोठी पाच मिनिटांत अशी तापली की घरमालकीणबाईंनी आपल्या नवजात नातीला तिथेच तेल लावलं, आंघोळ घातली. ब्लोअर पाण्यापासून लांब, दाराशी, स्टुलावर, आणि त्याच्यावर पहारा माझ्या बायकोचा. मग शेजारच्या पाड्यावरचं बाळ आलं. मग त्याच्या पलीकडचं. सिस्टरबाईंकडे गरम वारा आहे, ही बातमी डोंगरात फिरली. ज्या हीटरने तिला खाली आणायचं, त्याने तिला महिनाभरासाठी आंघोळीचं खातं उघडून दिलं होतं. चुकीचा हीटर आपली बरोबर खोली शोधून गेला, आणि मुदत निघून गेली.

पुढचं वर्ष तसंच गेलं. एक आड एक शनिवार, स्टँड, कडी, झाकण. फरक एवढाच की आता रविवारी पिशवी भरताना ती घरातल्या जुन्या चादरी मागायची. "वर लागतस." मी द्यायचो. घरातून एकेक वस्तू डोंगरावर चढत होती आणि मी खाली बसून बघत होतो.

पुन्हा पौष आला, सरता सरता पुन्हा दहिवर गोठलं, आणि तिने पुन्हा हीटर मागितला. ब्लोअर कोठीतून हलवायची सोय नव्हती. या वेळी माझा डाव जास्त खोल होता. मी शेठकडून रॉडचा आणला, एका माणसापुरता. मनात हिशेब असा की ती एकटी त्याच्यापुढे बसेल, पुढून भाजेल, मागून कुडकुडेल, आणि शेजारची रिकामी जागा तिला टोचेल. हा परिणाम स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा म्हणून हीटर मी स्वतः घेऊन गेलो. मी वर फार क्वचित जायचो. बाग कोण बघणार, हे माझं कायमचं उत्तर, जरी बाग केव्हाच बटाईने दिली होती आणि बटाईदार मला हळूच म्हणायचा, "दादा, तुम्ही सावलीमा बसा."

दिवस मावळला. खोलीत हीटर लावला, दोन्ही रॉड लालभडक झाले. मी बायकोसाठी एक पाट मांडला आणि बाजूला झालो. तेवढ्यात दार वाजलं. घरमालकीणबाई आल्या, मागे त्यांची सून, आता वर्षाची झालेली ती नात घेऊन. मग तपासणीला आलेल्या दोन बाया, ज्यांना त्या दिवशी पाड्यावर परतायला गाडी नव्हती. मग दवाखान्यातला शिपाई, हातात शेंगांची पिशवी. रोजची वेळ असावी तसे सगळे सहज आत आले.  घरमालकीणबाईंनी हीटर उचलला, खोलीच्या मधोमध ठेवला आणि सगळे त्याच्याभोवती गोल बसले.

गोल! शेकोटीभोवती बसतात तसे. त्यांच्या घरात चूल मधोमध असते आणि माणसं चारी बाजूंनी बसतात. ऊब म्हटली की गोलच बसायचं असतं. आता रॉडच्या हीटरला तोंड एकच. समोरच्या दोघी उजळून निघाल्या आणि बाकीचे त्याच्या पत्र्याच्या पाठीपुढे हात पसरून बसले. घरमालकीणबाई तर बरोब्बर मागे होत्या. गार पत्र्यापुढे त्या तळवे उलटसुलट करत होत्या.

"गरम आहे का?" मी विचारलं.

"आहे, आहे," त्या म्हणाल्या. पाहुण्याने एवढ्या लांबून आणलेल्या वस्तूला नाही कसं म्हणायचं?

थोड्या वेळाने शिपायाने दांडी धरून हीटर जरासा फिरवला. पाच मिनिटांनी सुनेने आणखी जरासा. कोणी ठरवलं नव्हतं, पण पाळी लागली. हीटर घड्याळाच्या काट्यासारखा खोलीभर फिरू लागला आणि ज्याच्याकडे त्याचं तोंड येई तो खूश होऊन शेंग फोडी. गप्पा चालू होत्या. अर्ध्या त्यांच्या भाषेत, अर्ध्या मराठीत. एक बाई काहीतरी म्हणाली आणि माझी बायको हसली. डोकं मागे टाकून, तोंडावर हात न धरता. हे हसू मी ओळखत होतो. लग्नाच्या पहिल्या एक-दोन वर्षांत ते आमच्या घरात होतं. नंतर ते कुठे गेलं हे मी कधी विचारलं नव्हतं, आणि ते इथे, या कौलांखाली, सात जणांमध्ये सापडलं.

हीटर फिरत फिरत तिच्यापुढे आला. तिने हात पुढे केले. तळव्यांच्या मागल्या बाजूला भेगा पडलेले, कोपरापर्यंत कोरडे हात. जेमतेम शेकले असतील, तोच तिने दांडी धरली आणि हीटर पुढे सरकवला. पुढे मी बसलो होतो.

त्या उबेत मला जी लाज वाटली ती मी कोणाला सांगितलेली नाही. आता लिहितोय तेवढीच.

खाली आल्यावर संध्याकाळी आबांच्या शेकोटीपाशी बसलो. पऱ्हाटी तडतडत होती. पूर्वी या शेकोटीला आठ-दहा माणसं असायची. आता आबा, मी आणि एक कुत्रं. मी हीटर फिरवल्याची गोष्ट रंगवून सांगितली, पत्र्यापुढचे हातही करून दाखवले. आबा हसले नाहीत.

"लोके गोल बसतस," ते म्हणाले, "तर चारी बाजूले तापस असा ले ना. इतलं बी समजत नही का तुले?"

"समजस आबा."

"मंग?"

मी काडीने निखारे उकरले. "तो चांगला हीटर लिधा तर ती खाले येवाव नही."

 जिलेबीचा सगळा उलगडा आबांना त्या क्षणी झाला असावा, कारण त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी आठवीत नापास झाल्यावर पाहिलं होतं. "तिना हात गार शेत," एवढंच म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "बागनं मी देखी लेसू. तू तरी काय करस तठे, बांधवर बसस."

दुसऱ्या दिवशी मी शेठसमोर उभा राहिलो. "तेलना," मी म्हणालो.

शेठनी हात जोडले. "देव पावना."

तेलाचा हीटर अंगाने जड असतो आणि त्याला चाकं असतात. एस्टीत तो माझ्या शेजारच्या सीटवर बसला. कंडक्टरने विचारलं, "हाऊ कोन?"

"मन्हा वैरी," मी म्हणालो. "मीच पोचाडाले चालनू."

कंडक्टरने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि लगेजची पावती फाडली. घाट चढताना वळणावळणावर तो माझ्या अंगावर येत होता आणि मी त्याला सावरून धरत होतो. राणीपूर मागे पडलं, खालची सपाटी धुक्यात गेली, तसं मला वाटू लागलं की मी स्वतःच्या हाताने घराचं दार बाहेरून लावून घेतोय. आतापर्यंत निदान आशा होती. उद्यापासून तिच्या खोलीत थंडीही माझ्या बाजूने नसणार. अर्जाच्या मुदतीचे चार दिवस उरले होते.

त्या संध्याकाळी सगळे आले, पुन्हा तपासणीला आलेल्या त्या दोन बायाही. मी हीटर मधोमध ढकलला, जाड पिनांचा प्लग लावला आणि बटण फिरवलं. काही झालं नाही. ना लाल उजेड, ना आवाज. विजेलाही जोर कमी होता. सात माणसं त्या पांढऱ्या पेटाऱ्याकडे बघत बसली. पंधरा मिनिटं झाली.

"बिघडला?" शिपायाने हळूच विचारलं.

"तापतोय," मी म्हणालो. "मोठ्या माणसांना वेळ लागतो."

बायकोने हवा कोरडी होऊ नये म्हणून शेजारी पाण्याचं भांडं ठेवलं. अर्ध्या तासाने घरमालकीणबाईंनी सवयीने त्याच्या मागे हात पसरले, आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी पुढे येऊन तिथे हात धरला. मग बाजूला. "इकडे पण आहे!" त्या ओरडल्या. "सगळीकडे आहे!" दोन्ही बायांनी, सुनेने, शिपायाने आपापल्या जागी खात्री करून घेतली. त्या रात्री कोणाला दांडी धरावी लागली नाही, कोणाची पाळी आली नाही. ती चिमुरडी आईच्या मांडीवर हातपाय सोडून झोपली. माझ्या बायकोने खांद्यावरची शाल काढून घडी केली आणि मांडीवर ठेवली. त्या थंडीत शाल काढलेली ती मी पहिल्यांदाच पाहत होतो.

ती घडी बघितली आणि मी समजलो की खटला हरलो. हरलेल्या माणसाने गुन्हा कबूल करावा, म्हणून घसा खाकरून मी उभा राहिलो.

"सगळ्यांसमोर सांगतो," मी म्हणालो. "आधीचे दोन्ही हीटर मी मुद्दाम चुकीचे आणले. थंडीला कंटाळून ही खाली यावी म्हणून."

 शिपायाने हळू आवाजात दोन्ही बायांना त्यांच्या भाषेत सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावले.

बायकोने वर पाहिलंही नाही. "माले माहीत शे," ती म्हणाली. "गया वरीसले शेठकडे वायर लेवाले गयथू, त्यासनीच सांगं. म्हने, ताई, तुन्हा मालकनं डोकं तपासी ले."

"मंग बोलनी का नही?"

"काय बोलू?" शालीची घडी तिने पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "तुम्ही हीटर लयनात, त्यामुये एक डाव तरी वर उनात."

मी खाली बसलो.  "अर्जले चार दिन शेत," मी म्हणालो.

"मी भरनार नही."

"का?"

"तठे खाले कोनजोडे बसू मी? तुम्ही बागमा, आबा ओटावर, पोर नाशिकले. मी घर उनी का कडी लावस, माठ झाकस, आनि मंग भिंतकडे देखत बसस. तुम्ही तरी घरमा बठतस का?"

 घरात बसत नव्हतो हे खरं होतं. ती नसली की घर खायला उठायचं म्हणून बाहेर, आणि ती असली की उद्या जाणार म्हणून बाहेर. पण मी पडलो नाटकी माणूस. रडू यायला लागलं की मला सोंग सुचतं. छातीवर हात ठेवला, आढ्याकडे बघितलं आणि म्हणालो, "मंग या गरीबनी काय करानं वो? दर थंडीमा एक एक हीटर खांदावर लिसन हाऊ डोंगर चढत ऱ्हावानं का?"

दोन्ही बाया हसल्या. घरमालकीणबाई हसल्या. माझी बायको मात्र हसली नाही. तिने शाल बाजूला टाकली, आणि खोलीत सात माणसं बसली आहेत हे साफ विसरून, औषध न घेणाऱ्या रोग्यावर ओरडावं तशी माझ्यावर ओरडली,

"इतला हीटर वढी वढी लयनात, आते एक डाव सोताले बी लई या ना वर!"